टोन्याला माहीत होतं

यंदा लेकीला स्केटिंगच्या क्लासला घातलं आणि आमच्या घराचं सगळं वेळापत्रकच बदललं. साडेपाचच्या आत कुकर उतरवायचा, गॅस बंद केला की नाही ते दोनदा बघायचं आणि पिशवी उचलून निघायचं. पिशवीत चाकांचे बूट, हेल्मेट, गुडघ्यांची नि कोपरांची पॅडं, पाण्याची बाटली आणि एक ओला रुमाल. क्लास म्हणजे काय, तर मोहोपाड्यातल्या एका इमारतीखालची पार्किंगची जागा! चार दुचाक्या बाजूला सरकवल्या की झालं मैदान. मुलं गोल गोल फिरतात आणि आम्ही आया कठड्यावर बसून मेथी निवडतो. आभाळ स्वच्छ असलं तर लांबवर कर्नाळ्याचा सुळका दिसतो. खरं सांगू, दिवसभरातला तेवढाच तास माझा मोकळा जातो.

तर त्या कठड्यावरच गोष्ट सुरू झाली. स्पर्धेचे फॉर्म आले होते. माझ्या शेजारी बसणारी एक मैत्रीण (नाव सांगत नाही, तुम्हीही विचारू नका) हळूच म्हणाली, "अहो, आमची नऊची झालीय हो, पण आठच्या आतल्या गटात घालतेय. तारीख जरा इकडची तिकडे. मोठ्या गटात तिचा काय निभाव लागणार?" आणि मग हसून, "तुम्ही तर शाळेतल्या. तुमच्या मुलीचंही सहज होईल."

मी काय केलं असेल? हसले. "नको बाई," म्हणाले आणि मेथीच्या काड्या गोळा करायला लागले.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "खेळात हल्ली सगळं चालतं. २०२१ साली नाही का, दोन ऑलिंपिक पदकं मिळवलेला सुशीलकुमार एका तरुण पैलवानाच्या खुनाच्या आरोपावरून पकडला गेला? तुझं काय तारखेचं घेऊन बसलीस!" आणि मग मोबाईलवर शोधून ह्यांनी एक इंग्रजी चित्रपट लावला. 'आय, टोन्या', २०१७ सालचा. स्केटिंगवरचा आहे म्हणून लेकीलाही बोलावणार होते, बरं झालं नाही बोलावलं. शिव्यांचा नुसता पाऊस आहे! तुम्ही बघणार असाल तर मुलं झोपल्यावर बघा.

चित्रपट म्हटलं की तिखटमीठ आलंच. म्हणून मग दुपारच्या वेळात खरी हकीकत मिळेल तेवढी वाचून काढली. ती तुम्हांला सांगते.

टोन्या हार्डिंगचा जन्म १२ नोव्हेंबर १९७० चा, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरातला. वडील मिळेल ते काम करणारे, आई लव्होना हॉटेलात वेट्रेस. पुरती चार वर्षांचीही नव्हती तेव्हा पोर एका बाजारसंकुलातल्या बर्फाच्या मैदानावर गेली आणि तिथून हलायलाच तयार होईना. शिकवणाऱ्या बाईंनी तिच्यातला गुण ओळखला. वडिलांनी तिला बंदूक चालवायला, लाकडं फोडायला, मोटार दुरुस्त करायला शिकवलं. आईने पोशाख शिवले.

ह्या पोशाखांपाशी मी जरा थांबते, कारण तुम्हीही शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी रात्र रात्र जागून टिकल्या शिवलेल्या असणार. बर्फावरचं हे नृत्य म्हणजे त्या काळी तिकडे पैसेवाल्यांचा खेळ. बर्फाच्या मैदानाचं तासाचं भाडं, शिक्षकांची फी, बूट, पाती, प्रवास, आणि त्यावर झगमगीत झगे. लव्होनाच्या पगारात ह्यातलं काय बसणार? म्हणून झगे घरी शिवलेले. एकदा एका परीक्षकबाईंनी पोशाखावरून तिला टोकलं, तेव्हा "मग पैसे तुम्ही द्या" असं तोंडावर सांगितल्याचं टोन्या स्वतःच सांगते. आता परीक्षकाला असं बोलणारी मुलगी कुणाला आवडेल? पण शिवणाऱ्या आईच्या बाजूने विचार केला तर मला ते उत्तर आवडलं.

ह्या आईबद्दल मात्र चांगलं ऐकू येत नाही. आई मारायची, टाकून बोलायची, असं टोन्याने पुढे अनेकदा सांगितलं. आईने त्यातलं पुष्कळसं नाकारलं. खरं खोटं त्या दोघींना ठाऊक. पण चित्रपटात आईचं काम करणाऱ्या ॲलिसन जॅनीला त्या भूमिकेसाठी २०१८ साली ऑस्कर मिळालं, आणि ती पडद्यावर आली की मला आमच्या कठड्यावरच्या दोन-तीन आया आठवल्या. त्यांत एक मीही होते. "पडलीस? ऊठ! फी भरलीय मी!" हे वाक्य माझ्याच तोंडून त्या आठवड्यात गेलं होतं.

टोन्याने शाळा अर्ध्यात सोडली. दमा होता, तरी सिगरेट सुटली नाही. सगळं अंगाच्या जोरावर. आणि तो जोर काय होता ते ऐका.

बर्फावरच्या उड्यांत 'ॲक्सेल' नावाची एक उडी आहे. ॲक्सेल पॉल्सेन नावाच्या नॉर्वेच्या माणसाने ती १८८२ साली पहिल्यांदा मारली, म्हणून हे नाव. बाकीच्या उड्या पाठीकडून घेतात, ही तोंड पुढे करून घ्यायची आणि उतरायचं मात्र पाठीकडे. म्हणजे अर्धी गिरकी आपोआप जास्तीची. तिहेरी ॲक्सेल म्हणजे हवेत साडेतीन गिरक्या! फुगडी खेळताना दोघी एकमेकींचे हात धरून असतात, पाय जमिनीला टेकलेले असतात, तरी पंधराव्या फेरीला डोकं गरगरतं. इथे एकटीने, हवेत, सेकंदाच्या आत साडेतीन फेऱ्या मारून एका पायावर, चारेक मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर, घसरड्या बर्फावर उतरायचं. बायकांना हे जमत नाही असंच धरून चालत. जपानच्या मिदोरी इतोने १९८८ साली ते करून दाखवलं. आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये मिनियापोलिसच्या राष्ट्रीय स्पर्धेत टोन्याने. स्पर्धेत ती उडी साधणारी ती पहिली अमेरिकन बाई. तांत्रिक गुणांत एका परीक्षकाने पैकीच्या पैकी सहा दिले. त्या नृत्याची चित्रफीत जरूर बघा. उडी साधल्यावर ती मुलगी दोन्ही मुठी आवळते, आणि तो चेहरा बघून माझ्या पोटात कालवलं. वीस वर्षांची आहे हो ती तेव्हा!

त्याच वर्षी म्युनिकला जागतिक स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण क्रिस्टी यामागुचीला, कांस्य नॅन्सी केरिगनला. तिन्ही अमेरिकेच्या. असं बायकांच्या स्पर्धेत त्याआधी कुठल्याच देशाला जमलं नव्हतं.

पण १९९१ नंतर ती उडी तिला स्पर्धेत पुन्हा कधीच साधली नाही. १९९२ च्या ऑलिंपिकला चौथी. १९९३ च्या राष्ट्रीय स्पर्धेतही चौथी.

मधल्या काळात घरात काय चाललं होतं? एकोणिसाव्या वर्षी, १९९० साली, जेफ गिलूलीशी लग्न झालं होतं. पुढच्याच वर्षी तिने घटस्फोटाचा अर्ज केला आणि नवऱ्याने जवळ येऊ नये असा कोर्टाचा हुकूम मागितला, मारहाण होते म्हणून. नवऱ्याने नेहमीच ते नाकारलं. मग समेट. मग पुन्हा भांडण. १९९३ च्या ऑगस्टमध्ये घटस्फोट झाला, आणि काही आठवड्यांत ती पुन्हा त्याच्याजवळ राहायला गेली.

तुम्ही म्हणाल, "परत गेलीच कशाला?" चित्रपट बघताना आमचे हेसुद्धा तेच म्हणाले. मी काही बोलले नाही. आपल्या माहेरच्या गल्लीतल्या, सासरच्या आळीतल्या, नात्यातल्या किती जणी अशा परत गेल्यात ते आपल्याला तोंडपाठ आहे. कुणाला पैसा नाही, कुणाला जागा नाही, कुणाला "ह्या वेळेस सुधारतील" असं खरंच वाटतं. आपल्याकडे निदान २६ ऑक्टोबर २००६ पासून घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा लागू आहे. त्यात घटस्फोट न घेताही संरक्षण मागता येतं, राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, आणि अर्ज लिहायला जिल्ह्याचे संरक्षण अधिकारी मदत करतात. १८१ हा मदतीचा फोन आहे. गॅस सिलिंडरच्या नंबराशेजारी लिहून ठेवा. तुमच्यासाठी नाही तर शेजारणीसाठी.

आता तो दिवस. ६ जानेवारी १९९४, डेट्रॉइट शहर. राष्ट्रीय स्पर्धेच्या आदल्या दिवशी सराव संपवून नॅन्सी केरिगन आत जात होती. पडद्याआडून एक माणूस आला, घडीच्या दंडुक्याने तिच्या उजव्या गुडघ्याच्या वर तडाखा मारला आणि पळाला. ती जमिनीवर बसून "का? का?" म्हणून रडतेय, हे सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. हाड मोडलं नाही, पण स्पर्धा हुकली. ८ तारखेला टोन्या पहिली आली.

थोड्याच दिवसांत सगळं बाहेर आलं. मारणारा शेन स्टँट नावाचा तरुण, मोटार घेऊन उभा असलेला त्याचा मामा-काका कुणीतरी, त्यांना गाठून देणारा टोन्याचा अंगरक्षक शॉन एकार्ट, आणि पैसे मोजणारा जेफ. आणि गंमत बघा, पोर्टलंडच्या एका उपाहारगृहाच्या मालकिणीला आपल्या कचऱ्याच्या डब्यात हार्डिंग-गिलूलींच्या घरचे कागद सापडले. त्यांतल्या एका चिठोऱ्यावर नॅन्सीच्या सरावाच्या जागेचं नाव होतं, तेही चुकीच्या स्पेलिंगने. अक्षर टोन्याचं आहे असा तज्ज्ञांचा निर्वाळा. आपल्या घरचा कचरा दुसऱ्याच्या डब्यात टाकणाऱ्यांना हे वाचायला द्यायला हवं!

टोन्याचं म्हणणं, कट मला ठाऊक नव्हता. जेफचं म्हणणं, तिला सगळं ठाऊक होतं. २७ जानेवारीला मात्र पत्रकारांसमोर तिने एवढं कबूल केलं, की डेट्रॉइटहून घरी परतल्यावर आपल्या जवळच्या माणसांचा ह्यात हात असल्याचं कळलं होतं, आणि ते आपण पोलिसांना लगेच सांगितलं नाही.

मी इथे चित्रपट थांबवला होता. ह्यांना म्हटलं, "तिला माहीत होतं." हे म्हणाले, "मग काय नवऱ्याला पकडून द्यायचं?"

हा प्रश्न मी अलिबागला वकिली करणाऱ्या माझ्या मामेबहिणीला फोनवर विचारला. ती म्हणाली, आपल्या कायद्यात, जुन्या दंडसंहितेत होतं तसंच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही, गुन्हेगाराला आसरा दिला म्हणून त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला शिक्षा होत नाही. तेवढी सवलत आहे. पण पुरावा नष्ट केला, कागद जाळले, पोलिसांना खोटं सांगितलं, तर मग "मी त्यांची बायको" हे कारण चालत नाही. दार उघडणं वेगळं आणि रक्ताचा शर्ट धुऊन टाकणं वेगळं, असं तिने मला समजावलं. वकील माणसं कशी बोलतात बघा, त्या दिवशी मला धुणं टाकवेना.

पुढची गोष्ट लवकर सांगते. अमेरिकेच्या ऑलिंपिक मंडळाने टोन्याला वगळायचं ठरवलं, ती कोर्टात गेली, शेवटी दोघींनाही नॉर्वेतल्या लिलेहामरला पाठवलं. तिथे एकाच बर्फावर एकत्र सराव. नॅन्सी पहिल्या सरावाला हल्ल्याच्या दिवशीचाच पांढरा पोशाख घालून आली. बोलली एक शब्द नाही. ह्या नॅन्सीला वर्तमानपत्रांनी राजकन्या केलं होतं आणि टोन्याला चाळीतली भांडखोर पोर. पण तीही काही श्रीमंताघरची नव्हती बरं का! वडील वेल्डर, मुलीच्या फीसाठी मैदानावरचं बर्फ सपाट करायचं यंत्र चालवायचे. आईची नजर जवळजवळ गेलेली, टीव्हीच्या पडद्याला नाक लावून ती लेकीचं नृत्य बघायची. दोघींच्या घरची चणचण सारखीच म्हणायची. मग एकीच्या घरातून दंडुका निघाला आणि दुसरीच्या नाही, ह्याला गरिबीचं कारण देऊन माझं समाधान होत नाही.

२५ फेब्रुवारीला अखेरची फेरी. टोन्याचं नाव पुकारलं तरी ती दिसेना. शेवटच्या क्षणी धावत आली, पहिली उडी चुकली, रडत परीक्षकांपाशी गेली आणि बुटासकट पाय त्यांच्यासमोरच्या कठड्यावर ठेवला. नाडी तुटली होती! दुसरी तेवढ्या लांबीची मिळाली नव्हती. परीक्षकांनी वेळ दिला, तिने नंतर नृत्य केलं, आठवी आली. नॅन्सीला रौप्य. सुवर्ण युक्रेनच्या ओक्साना बायुलला, नऊपैकी पाच परीक्षकांच्या मतांनी. सोळा वर्षांची, आई वारलेली मुलगी.

१६ मार्च १९९४ ला टोन्याने तपासात अडथळा आणण्याच्या कटाचा गुन्हा कबूल केला. तुरुंग टळला. तीन वर्षं प्रोबेशन, पाचशे तास समाजसेवा, एक लाख डॉलर दंड, आणि स्केटिंग संघटनेचा राजीनामा. जूनअखेर संघटनेने तिचं त्या वर्षीचं अजिंक्यपद काढून घेतलं आणि तिला आजन्म बंदी घातली. जेफ आणि बाकीचे तिघे तुरुंगात गेले. ते सुटले, जेफने तर नावसुद्धा बदललं. ती तेवीस वर्षांची होती आणि ह्या एका कलेवाचून तिला दुसरं काही येत नव्हतं. पुढे तिने मुष्टियुद्ध केलं, रंगकाम केलं, वेल्डिंग केलं. २०१० साली पुन्हा लग्न केलं, २०११ साली मुलगा झाला.

तिची कीव करायची की राग? चित्रपट कीव करायला सांगतो. मला दोन्ही आलं, पण नॅन्सी जास्त आठवली. चित्रपटात ती जेमतेम दिसते. ज्याला मार बसतो त्याची गोष्ट लोकांना कमी आवडते की काय कोण जाणे.

आता आमच्या पार्किंगकडे येते. स्पर्धा झाली. मैत्रिणीची मुलगी आठच्या आतल्या गटात दुसरी आली. माझी लेक आपल्या खऱ्या गटात सातवी, तिला त्याचं काही नाही, तिला वडापाव हवा होता. पण त्या आठच्या आतल्या गटात एक बारकीशी मुलगी चौथी आली. दोन वेण्या, उसने आणलेले बूट, टाचेत कापूस कोंबलेला. तिची आई तिला सांगत होती, "अगं चौथी म्हणजे काय वाईट?" आणि ती पदकाच्या चौथऱ्याकडे बघत उभी. तिसऱ्या पायरीवर कोण उभं राहायला हवं होतं ते त्या मैदानात तिघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक मी.

दंडुका मारणं कुठे नि जन्मतारीख खोडणं कुठे, असं हे म्हणतात. बरोबरच आहे. मी काही मैत्रिणीला टोन्या म्हणत नाही. पण तीन रात्री मला ती कापसाची टाच दिसत राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी मी मैत्रिणीकडे गेले. चहा झाला. मग मी सरळ सांगितलं, की पुढच्या वेळी तुम्ही खरी तारीख घाला, नाहीतर मला क्लासच्या सरांना सांगावं लागेल. आणि ह्या वेळी मी गप्प बसले ती माझी चूक झाली. ती पुष्कळ वेळ कपबशीकडे बघत होती. म्हणाली, "तुमचं बरं आहे हो. तुमची मुलगी हरली तरी घरी कुणी बोलत नाही. आमच्याकडे फीचे पैसे मागताना मला दर महिन्याला ऐकून घ्यावं लागतं. पदक दाखवलं नाही तर क्लास बंद." ह्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. हातातली बशी ठेवून मी उठले.

हल्ली ती कठड्याच्या दुसऱ्या टोकाला बसते. मेथी एकटीच निवडते. तिच्या मुलीला मात्र काही ठाऊक नाही, ती आमच्या लेकीचा हात धरून गोल गोल फिरते. पुढचे फॉर्म पावसाळ्यानंतर येतील.

तुमची मुलं स्केटिंगला जात असतील तर जाता जाता एवढं करा. बूट बोटभरसुद्धा मोठे घेऊ नका. वाढत्या अंगाचे म्हणून घेतले तर टाच सुटते आणि घोटा मुरगळतो. पॅडं दर आठवड्याला सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर गुडघ्यांना नि कोपरांना पुरळ येतं. चाकांत केस नि दोरे अडकतात, ते जुन्या दातांच्या ब्रशने काढा. आणि आदल्या रात्री नाड्या तपासा. भोकांपाशी झिजलेली नाडी ऐनवेळी तुटतेच. मी आता त्याच लांबीची एक जादा जोडी पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवते. परवा तीच काढून त्या दोन वेण्यांच्या मुलीच्या आईला दिली. तिच्या उसन्या बुटांना डाव्या पायात नाडीऐवजी सुतळी होती.